गोठ्यातला ताप

कोंडू दारू प्यायचा त्या काळातल्या गोष्टी आमच्या पाड्यावर अजून पिकतात, आणि भातापेक्षा जास्त पिकतात. एकदा म्हणे त्याला डास चावला आणि तो डास सकाळपर्यंत त्याच्याच कुडाला धरून उभा होता. एकदा तो किन्हवलीच्या बाजारातून परतताना दुसऱ्याच्याच म्हशीच्या गळ्यात हात टाकून तिला घरी घेऊन आला, रात्रभर तिच्याशी पोराच्या लग्नाचं बोलला, आणि सकाळी मालक आला तर म्हैस जायला तयार होईना. एसटीसमोर हात करून उभा राहिला, गाडी थांबली, ड्रायव्हर म्हणाला चढ, तर हा म्हणाला, "तुमी व्हा पुढं, मी बसून येतो." या गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत. पण सांगितल्या मीच सगळ्यांत जास्त, हे कबूल. माणूस बरा होता. चेष्टा सोसायचा. चेष्टा सोसणारा माणूस गावाला मिळाला की गाव त्याला लवकर सोडत नाही.

त्याची बायको गोजर. ती मात्र सोसायची नाही. अंगानं काडी, पण रोपांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन बांधावरून चालायला लागली की बांध रुंद करावा लागेल असं वाटायचं. कोंडूच्या पायी तिची मान खाली गेली ती गेल्या आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत. आवण म्हणजे आमच्याकडं एकट्यादुकट्याचं काम नाही. पाड्यावरच्या बायांची टोळी असते. आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, असं सगळ्यांचं भात लागतं. गडी आधी चिखल करून देतात, राबातलं रोप काढून देतात, बाया ओळीनं वाकून लावत जातात. तर गेल्या साली टोळी गोजरच्या खाचरात उतरली आणि चिखल करायचा तो कोंडू बांधावर उताणा पडलेला. बाया वाकल्या होत्या आणि हा गडगडत त्यांच्या पायांत आला. टोळीची मुकादमीण कमळ. तिनं तिथंच हातातलं रोप खाली टाकलं आणि सगळ्यांना वर काढलं. त्या दिवसापासून टोळीनं ठरवलं, आवणीत ज्या घरचा गडी पिईल त्या घरच्या खाचरात पाय टाकायचा नाही. गोजरनं ते खाचर एकटीनं लावलं. पाऊस पाठीवर घेत, दिवसामागून दिवस. मग तिला सरळ उभं राहायला पंधरवडा लागला.

शिमग्याला कोंडूनं गावदेवीपुढं तांदळाची मूठ धरून शपथ घेतली. घेतली म्हणजे गोजरनं आणि कमळनं मिळून घेववली. पण त्यानं पाळली. हे आश्चर्य पाड्यावर कोणाला गिळेना. आम्ही त्याला मोहाच्या झाडाखालून मुद्दाम नेऊन बघितलं, तो नाक दाबून पळाला. गोजरनं ही बातमी किन्हवलीच्या बाजारापासून मुरबाडच्या एसटी स्टँडपर्यंत नेली. भाजी घ्यायला गेली तरी भाजीवाल्याला आधी सांगायची, "आमच्यांनी सोडली बरं का." भाजीवाला म्हणायचा, "बरं झालं मावशी, भेंडी किती देऊ?"

असं सगळं बरं चाललेलं. पाऊस भरात आला. आवण लागली.

कोंडू यंदा सगळ्यांच्या खाचरांत राबत होता. जुनी फेड होती मनात, दुसरं काय. सकाळी चिखलात उतरायचा तो काळोख पडेस्तोवर. पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या, टाचेला भेग अशी की त्यात बियाणं पेरावं. बांध पोखरणाऱ्या उंदरांनी यंदा उच्छाद मांडला होता. पोखरलेल्या बांधातून पाणी पाझरायचं, आणि कोंडू तसाच उघड्या पायानं ते लिंपत बसायचा. त्याला कोणी म्हटलं जरा बस, तर म्हणायचा, "बसायचं ते बसून झालं रे."

त्या दिवशी टोळी कमळच्याच खाचरात होती. दुसऱ्या दिवशी लखमाचं, आणि त्याच्या पुढं गोजरचं, असं ठरलेलं. कोंडू पहाटेपासून गप्प होता. रोपाची पेंढी बांधताना त्याचे हात थरथरत होते. रोप काढायला वाकला, मग उभा राहिला आणि दोन पावलं टाकली तीही तिरकी पडली. तो बांधावर बसला, मान खाली घातली आणि ओकला. उठला, परत बसला, परत ओकला. डोळे असे लाल की कोणी मिरची चोळली.

बायांनी कमरा सरळ केल्या. पावसात सगळ्या जणी प्लास्टिकच्या कागदाखाली उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. ओळखीचंच दृश्य होतं ते. मधल्या कोणीतरी हळूच म्हटलं, "म्हशीचं लगीन ठरलं काय परत?" आणि हसू ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

कमळ हसली नाही. ती म्हणाली, "गोजरे, तुझ्या माणसाला घरी ने."

गोजर चिखलातून वर आली. तिच्या पायाला चिखल लागला होता तो धुवायलाही ती थांबली नाही. कोंडूच्या दंडाला धरून तिनं त्याला उठवलं आणि पाठ सगळ्यांकडं करून चालवत नेलं. वाटेत तो म्हणाला, "पोटऱ्या फुटतात गो. चालवत नाय."

"फुटतीलच. किती जागी पडलात वाटंत?"

"थंडी वाजतंय."

"बोलू नका. तोंड उघडू नका."

पण घराच्या मागं आल्यावर तिनंच त्याचं तोंड उघडायला लावलं. जवळ जाऊन वास घेतला. ओकारीचा आंबूस वास आला, दारूचा नाही. इथं दुसरी बाई असती तर थांबली असती. पण गोजरनं या माणसाबरोबर उभा जन्म काढला होता. पेरूचा पाला चावून, कांदा खाऊन, एकदा तर घासलेट हुंगून वास मारणारा हा गडी. तिला वाटलं, हा आता लपवण्यात पक्का झाला. तिनं आपल्याच कपाळावर हात मारून घेतला, आणि त्याच हातानं त्याच्या कपाळाला हात लावून बघायचं मात्र राहिलं.

त्याला तिनं पडवीत झोपवलं नाही. पडवी रस्त्याला लागून. येणारीजाणारी बघणार. तिनं गोठ्यात, बैलाच्या दावणीच्या बाजूला, पेंढा टाकून त्यावर गोणपाट घातलं आणि म्हणाली, "उतरंस्तोवर इथंच."

घरात सून होती, कुणाली. आसनगावची पोर, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. मुलगा सुरज भिवंडीच्या गोदामात कामाला, आठवड्यानं यायचा. माहेरी या पोरीला कोणीतरी सांगितलं असणार की सासरा दारू प्यायचा, आता सोडली. म्हणून सासू तिच्यापुढं जास्तच ताठ असायची.

"बाबांना काय झालं, आई?"

"पित्त."

"अंग भाजतंय त्यांचं. मी पांघरूण घालाया गेली तर हात लागला."

"पित्तानं तापतं अंग. तू गोठ्यात नको जाऊ. गाभण गाय हाय, बिथरंल."

गाय गाभण नव्हती. कुणालीला ते माहीत होतं. पण नव्या सुनेनं सासूच्या गाईवर वाद घालायचा नसतो.

संध्याकाळी गोजरनं कोकमाचं पाणी नेलं. ते त्यानं पिऊन लगेच ओकलं. लिंबू-मीठ दिलं, तेही बाहेर. दुकानातून आणलेली तापाची गोळी दिली, ती जशीच्या तशी पेंढ्यात पडली. तो पेंढ्यावर मुटकुळं करून पडला होता आणि बैल मान वळवून त्याच्याकडं बघत होता. "डोकं फुटतंय," तो म्हणाला. गोजर म्हणाली, "फुटू दे. मोकळी होईन."

कुणाली दारात उभी होती. म्हणाली, "आई, दवाखान्यात नेऊ या ना. विठूदादाच्या जीपनं."

"आणि जीपमधी कोण बसतं ठाव हाय? आर्धा पाडा बसतो. सगळ्यांच्या मांडीवर वकंल न मग उद्या टोळी आपल्या खाचरात यील का?" गोजरनं आवाज खाली आणला. "रोप बघितलं का आपलं? पिवळं पडाया लागलंय. आता नाय लागलं तं म्हातारं झालं. आवण होऊ दे. मग न्यायचा तिकडं नेऊ."

कुणाली चुलीकडं वळली. पण सासूचा डोळा चुकवून ती गोठ्यात गेली आणि तांब्याभर पाणी त्याच्या उशाशी ठेवून आली.

दुसऱ्या दिवशी लखमाचं खाचर. गोजरला जाणं भाग होतं. टोळीच्या कामाला खाडा केला की आपल्या कामाला कोण येणार? ती सगळ्यांच्या आधी जाऊन चिखलात उतरली, म्हणजे कोणी काही विचारायच्या आधीच आपण वाकलेलं असावं. पण वाकलेल्या बाईलाही कान असतात.

"गोजरे, तुझं पित्त कसं हाय?" लखमाची बायको म्हणाली.

"बरं हाय."

"कोणत्या झाडाचं पित्त ते? मोहाचं का जांभळाचं?"

बाया खिदळल्या. गोजर रोप टोचत राहिली. तिची ओळ वाकडी गेली होती. आयुष्यात तिची ओळ कधी वाकडी गेली नव्हती.

कमळ तिच्या शेजारी आली. ती जुनी मैत्रीण. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात झाली होती. ती हळू म्हणाली, "खरं सांग. प्यालाय का?"

"नाय."

"देवीची आण घे."

गोजर उभी राहिली. पावसाचं पाणी तिच्या नाकावरून ओठांवर येत होतं. तिनं देवळाच्या दिशेनं तोंड केलं, चिखलाचा हात गळ्याला लावला आणि म्हणाली, "देवीच्या आणेनं सांगते, प्याला नाय."

आता गंमत बघा. बाई मनातून थरथरत होती. देवीपुढं धडधडीत खोटं बोलले, आता कुळ बुडणार, असं तिला वाटत होतं. आणि बोलली होती ती सोळा आणे खरं. खोटं सांगायच्या इराद्यानं खरं सांगणारी माणसं मी माझ्या जन्मात फार बघितली नाहीत. हे पाप झालं का पुण्य, ते देवीला ठाऊक. गोजरला मात्र पापच वाटलं, आणि तिनं वाकून पुढची ओळ धरली.

उन्हं दिसत नव्हती पण भाकरीची वेळ झाली होती तेव्हा कुणाली बांधावरून पळत आली. घसरली, गुडघ्यावर पडली, उठली. सगळ्यांसमोरच तिनं सांगितलं. "आई, बाबा काहीतरीच बोलतात. मला वळखलं नाय. मला बोलले, तू कोणाच्या म्हशी घेऊन आली? आणि रातपासनं लघवीला उठलेच नाय. काल संध्याकाळी केलेली ती पण काळ्या चहावानी."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. सासऱ्याच्या लघवीचं सून चारचौघींत बोलते म्हटल्यावर गोजरला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. "तोंड आवर," ती म्हणाली. आणि मग तिच्या डोक्यात दुसरंच पेटलं. म्हशीचं बोलतोय. म्हणजे परत प्याला. मी इकडं आण घेते आणि तिकडं ती रंगू गोठ्यात येऊन पाजते.

रंगू ही ओढ्यापलीकडं राहायची. नवरा वारल्यावर तिनं मोहाची दारू गाळायला सुरुवात केली ती आजतागायत. पाड्यावरचे निम्मे गडी तिच्या उंबऱ्यावर पोचायचे आणि पाड्यावरच्या सगळ्या बाया तिच्या नावानं बोटं मोडायच्या. शिमग्याला कोंडूनं शपथ घेतली तेव्हा गोजर तिच्या दारात जाऊन थुंकून आली होती.

गोजर घरी गेली नाही. कुणालीला परत पाठवून ती सरळ ओढा ओलांडून रंगूकडं गेली. ओढ्याला कमरेइतकं पाणी होतं, तेही तिला जाणवलं नाही. रंगू पडवीत कोंबड्यांचं डालगं विणत बसली होती.

"निघ बाहेर," गोजर म्हणाली. "माझ्या माणसाला पाजतीस?"

रंगूनं मान वर केली. "कोणाला?"

"कोणाला म्हणजे? कोंडूला."

"कोंडू?" रंगूनं डालगं बाजूला ठेवलं. "शिमग्यापासनं त्यानं माझा उंबरा नाय चढला गो. एकदा आला व्हता, तुमचा कोंबडा शोधाया. मी पाणी दिलं तर आधी हुंगलं न मग प्याला. माझंच गिऱ्हाईक माझ्या पाण्याला भ्यायला लागलं. धंदा माझा बुडवला तुमी, न वर मलाच बोलतीस?"

"खोटं."

"मग जा. दुसरीकडं बघ. पण या वाटंनं दारू आणायची म्हणजे माझ्याच दारावरनं जावं लागतं." ती उठून उभी राहिली. "काय झालंय त्याला?"

गोजरला सांगायचं नव्हतं. पण तोंडातून निघत गेलं. ओकतो. पाणी ठरत नाही. डोळे लाल. पाय धड पडत नाहीत. बरळतो.

"वास येतोय?"

गोजरनं ओला पदर पिळायला घेतला.

"येतोय का?"

"नाय."

"अंग कसं हाय?"

"सून बोलते तापलंय."

"सून बोलते. तू हात लावून बघितला नाय?" रंगू तिच्याकडं बघत राहिली. "गोजरे, प्यालेली माणसं मी रोज बघते. प्यालेला दुसऱ्या दिवशी उतरतो. हा कालपासनं चढतच चाललाय."

गोजर तिथंच उंबऱ्यावर बसली. ज्या उंबऱ्यावर ती थुंकून गेली होती त्यावर. रंगूनं तिला बसू दिलं नाही. दंडाला धरून उठवलं आणि दोघी परत ओढ्यात उतरल्या.

गोठ्यात कोंडू उताणा पडला होता. गोजरनं पहिल्यांदा त्याच्या कपाळाला हात लावला आणि हात मागं घेतला, तव्यावरून घ्यावा तसा. डोळ्यांच्या लालीत आता पिवळेपणा आला होता. रंगूनं त्याची पोटरी नुसती दाबली तर तो गुरासारखा ओरडला. माशा त्याच्या तोंडाभोवती होत्या. उशाशी कुणालीनं ठेवलेला तांब्या होता, आणि शेजारी बैलाचं शेण.

"हितं ठेवलास?" रंगू एवढंच म्हणाली.

कुणाली जीपला थांबवायला रस्त्यावर धावली. विठूची जीप पाच-सात माणसं घेऊन आली. विठूनं कोंडूला बघितलं आणि म्हणाला, "नको गो काकी. सीट कालच धुतल्या. उतरल्यावर ने."

आतली माणसं हसली. रंगूनं आपल्या डोक्यावरचा प्लास्टिकचा कागद काढला, जीपच्या मागच्या बाकावर अंथरला आणि म्हणाली, "वकला तर माझ्या अंगावर वकंल. चालव." रंगू भर पावसात भिजत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गोजर त्याचे पाय धरून. कुणाली पुढं विठूजवळ. जीप लखमाच्या खाचराजवळून गेली तेव्हा सगळ्या बायांनी बघितलं. कोंडू, आणि त्याचं डोकं दारूवालीच्या मांडीवर. देवीची आण घेतलेली गोजर शेजारी. कमळनं कमरेवर हात ठेवले आणि ती तोंड फिरवून उभी राहिली. गोजरनं ते बघितलं. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, पण जीपला पडदा नसतो.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर पोरं रडत होती, एक हवालदार कुठल्याशा मारामारीतल्या माणसाला घेऊन कागदाची वाट बघत बसला होता. केसपेपर लिहिणाऱ्यानं कोंडूकडं एकदा बघितलं आणि पेन खाली ठेवलं. "दारूचा आहे. तिकडे झोपवा, उतरेल. आधी बाकीचे होऊ द्या."

पडदा सरकवून डॉक्टरीणबाई बाहेर आली. तरणीच होती. तिनं विचारलं, "किती घेतली? कधी घेतली?"

गोजरला सांगायचं होतं. पण तोंड उघडेना. कालपासून तिनं सगळ्यांना पित्त सांगितलं होतं आणि मनात दारू धरली होती, आता कुठलं खरं बाहेर काढावं ते तिला सापडत नव्हतं. तिच्या पायांखाली चिखलाच्या पाण्याचं थारोळं झालं होतं.

"बाई, विचारते मी. किती घेतली?"

रंगू पुढं आली. ओली, केस मोकळे, लुगडं ओकारीनं भरलेलं. हवालदाराकडं तिनं बघितलं आणि मग डॉक्टरीणबाईकडं तोंड केलं. "नाय घेतली. आमच्या पाड्यावर दारू मी गाळते. दुसरं कोणी गाळत नाय. शिमग्यापासनं यानं माझ्याकडं थेंब घेतला नाय. हा आजारी हाय, डाक्टर. बघा त्याला."

हवालदारानं हातातला कागद मांडीवर ठेवला आणि खिशातून पेन काढलं. "नाव काय तुझं?" तो म्हणाला.

"रंगू. बघा आधी त्याला," ती म्हणाली, हवालदाराला नव्हे, डॉक्टरीणबाईला.

मग बाईनं बघितलं. डोळ्याची खालची पापणी ओढली. पोटरी दाबली. बोटांतल्या चिखल्या बघितल्या आणि विचारलं, "चिखलात काम करतो?" कुणाली म्हणाली, हो. "उंदीर आहेत शेतात?" हो. "ताप कधीपासून?" कुणाली म्हणाली, कालपासून, पण त्याआधीच्या तीन-चार रात्रीही थंडी वाजत होती त्यांना. "लघवी?" त्याचंही उत्तर कुणालीनंच दिलं. डॉक्टरीणबाई दर प्रश्नाला गोजरकडं बघत होती आणि दर प्रश्नाचं उत्तर सून देत होती. संसार कोणी केला त्या माणसाबरोबर, आणि उत्तरं कोणाला ठाऊक.

"कालच का नाही आणलं?" बाईनं विचारलं. या एकाच प्रश्नाला कुणाली गप्प राहिली. सासूकडं बघितलंही नाही तिनं.

सलाईन लागलं, इंजेक्शन गेलं. हे उंदराच्या मुतानं होतं, बाई म्हणाली, खाचराच्या पाण्यातून भेगाळलेल्या पायात शिरतं. दरवर्षी आवणीत येतात माणसं. वेळेवर आली तर साध्या औषधानं बरी होतात. हा उशिरा आला, मूत्रपिंडं बसली, ठाण्याला न्यावं लागेल. मग तिनं गोजरच्या खांद्यावर हात ठेवला आणि पोराला समजावतात तसं सांगितलं, "ऐका मावशी. ताप आणि उलटी एकत्र आली, आणि पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, किंवा लघवी कमी झाली, काळी झाली, किंवा डोळे पिवळे झाले, किंवा माणूस बरळायला लागला, यातलं एक जरी दिसलं ना, तरी त्याच दिवशी आणायचं. बघू, उतरेल, म्हणायचं नाही. आणि दारू प्यायलेला असला तरीसुद्धा आणायचा. प्यायलेल्या माणसाला ताप येत नाही का?"

गोजर मान हलवत राहिली. ॲम्ब्युलन्स निघाली तरी मान हलतच होती.

ठाण्यात त्याचं रक्त मशिनीतून काढून धुऊन परत घातलं. आमच्या पाड्यावर ही गोष्ट पोचेपर्यंत कोंडूच्या अंगातून निघालेल्या रक्ताला काडी लावली तर पेटलं, इथवर गेली होती. ती मी सांगितलेली नाही. या खेपेला मी काहीच सांगितलं नाही.

गोजरच्या खाचरात टोळी ठरल्या दिवशी गेली नाही. दोन दिवसांनी खरं काय ते कळलं, तेव्हा गेली. कमळ पहिली उतरली. रोप खरंच म्हातारं झालं होतं, मुळं तुटत होती, तरी बायांनी लावलं. कोणी बोललं नाही, कोणी हसलं नाही. लखमाच्या बायकोनं तर भाकरीही लांब बसून खाल्ली. यंदा त्या खाचरात पीक निम्मं येईल. आणि ओढ्यापलीकडं दोन पोलीस येऊन रंगूची मडकी फोडून गेले, तिला तालुक्याला नेऊन दिवसभर बसवून ठेवलं. ती परत आली तेव्हा पाड्यावरचा एकही गडी विचारपूस करायला गेला नाही. जाणार कसा, जाताना बघितलं असतं कोणीतरी.

श्रावण लागल्यावर कोंडू घरी आला. एवढासा झालेला. विठूनं त्याला जीपच्या पुढच्या सीटवर बसवून आणलं आणि भाडं घेतलं नाही. गोजरनं त्याला पडवीत झोपवलं, रस्त्याच्या अगदी कडेला, सगळ्यांना दिसेल असं. येणारेजाणारे थांबायचे, बरं हाय का विचारायचे, आणि त्याच्या तोंडाकडं न बघता पुढं जायचे.

एका दुपारी पाऊस जरा थांबला होता. कुणाली नदीवर धुणं घेऊन गेली होती. गोजर त्याला पेज भरवत होती. हात त्याचे अजून कापायचे. ती बऱ्याच दिवसांपासून काहीतरी गिळत होती, ते आज वर आलं.

"एक इचारू?"

"इचार."

"मी तुमाला गोठ्यात टाकलं. सगळी हसली. मी तोंडाला येल ते बोलले. तुमी एकदा तरी का नाय बोललात, मी प्यालो नाय म्हणून? एकदा बोलला असता तर..."

कोंडू खाचराकडं बघत होता. हिरवं विरळ विरळ दिसत होतं.

"बोलणार व्हतो," तो म्हणाला. "बांधावर बोलणार व्हतो. पण कमळला वाटलं, प्यालाय. तुला वाटलं, प्यालाय. बाया हसल्या. न माझे पाय पण तसेच पडत व्हते, डोकं पण तसंच फिरत व्हतं. वकत पण तसाच व्हतो." तो थांबला, दम लागला होता. "मग मला वाटलं, आसंल. प्यालोच आसंल मी. ध्यानात नाय ऱ्हायलं."

गोजरचा हात हवेत राहिला.

"गोठ्यात पडून मी देवीची माफी मागत व्हतो गो," तो म्हणाला. "शपथ मोडली म्हणून."

पेजेचा वाडगा अजून भरलेला होता. गोजर तो घेऊन उठली आणि आणखी पेज आणते म्हणत आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.